इंद्रियांचा गुराखी : श्रीगोरक्षनाथ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकात नाथांचं चरित्र कशासाठी, असं एखाद्या भाविकाला वाटेल. त्याचं उत्तर आपल्या पोथीतच आहे. मच्छिंद्रनाथांना अनुग्रह झाला तो श्रीदत्तप्रभूंचा, असं नवनाथ भक्तिसार सांगतं. मालू कवींनी हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ शके १७४१ मध्ये, म्हणजे इसवी सन १८१९ साली पूर्ण केला. आपल्या शहापूर-मुरबाडच्या गावांतून श्रावणात ही पोथी लागते. शेतावरून आलेला माणूस हातपाय धुऊन मागच्या बाजूला बसतो आणि अध्याय संपेपर्यंत उठत नाही. गुरुचरित्र आणि नवनाथ या आपल्या देवघरातल्या जोडीच्या दोन समया आहेत. म्हणून यंदा मच्छिंद्रांचे पट्टशिष्य गोरक्षनाथ यांच्या चरित्राचं स्मरण करावं असं मनात आलं. तेही एका अंगानं. योगशास्त्रात ज्याला प्रत्याहार म्हणतात, बाहेर धावणारी इंद्रियं आत वळवणं, ते या चरित्रात जागोजागी दिसतं.

आधी नावच पाहू. संस्कृतात गो म्हणजे गाय, आणि गो म्हणजे इंद्रियही. गाईंचं राखण करतो तो गोरक्ष, आणि इंद्रियांचं राखण करतो तोही गोरक्ष. आपण गुराखी म्हणतो तो शब्द याच घरातला. आपल्याकडे गुराखी काय करायचा? सकाळी घरोघरची गुरं सोडून रानात न्यायचा, दिवसभर त्यांना चरू द्यायचा आणि दिवेलागणीच्या आत सगळी घरी आणायचा. गुरं चरली नाहीत तर दूध कुठलं? पण रात्री रानात राहिली तर वाघाच्या तोंडी जायची. एखादी गाय फारच उनाड असली तर तिच्या गळ्यात लोढणं बांधायचं. गुरं मारणं हे गुराख्याचं काम नव्हे आणि कायमची डांबून ठेवणं हेही नव्हे. वेळ झाली की त्यांना हाक मारून घराकडे वळवायचं, एवढंच. माझ्या अल्पमतीप्रमाणे प्रत्याहाराचा सगळा अर्थ या एका कामात आला, आणि गोरक्षनाथांनी जन्मभर हेच केलं.

त्यांचा जन्मही असाच अंधारातून झालेला आहे. मच्छिंद्रनाथ भिक्षेला फिरत असताना एका निपुत्रिक ब्राह्मण स्त्रीला त्यांनी पुत्रप्राप्तीसाठी मंत्रून भस्म दिलं. शेजारणींनी तिला भीती घातली, हसल्या. बिचारीचा विश्वास डळमळला. तिनं ते भस्म शेणाच्या खाईत टाकून दिलं. बारा वर्षांनी नाथ परत त्या गावी आले आणि मुलगा कुठे आहे म्हणून विचारू लागले. तेव्हा तिनं घाबरत खरं ते सांगितलं. नाथ त्या खाईजवळ गेले, त्यांनी हाक मारली आणि आतून बारा वर्षांचा तेजस्वी मुलगा ओ देत बाहेर आला. नवनारायणांपैकी हरिनारायणाचा हा अवतार, असं पोथी सांगते. बारा वर्षं ना उजेड, ना वारा, ना माणसाचा शब्द. आणि बाहेर आल्यावर पहिलं ऐकलं ते काय, तर गुरूंची हाक. ज्याच्या कानावर पहिला शब्द गुरूंचा पडला, त्याचा कान पुढे भलतीकडे कसा जाईल?

अभ्यासक गोरक्षनाथांचा काळ सर्वसाधारणपणे अकरावं-बारावं शतक असा धरतात. पण गावोगावच्या कथांना काळाचं बंधन नाही. नेपाळपासून गिरनारपर्यंत आणि बंगालपासून आपल्या सह्याद्रीपर्यंत नाथांची पावलं उमटलेली आहेत. उत्तरेतलं गोरखपूर त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

आता डोळ्याची कथा. ही कथा ऐकताना आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावतात. एकदा गोरक्ष भिक्षेला गेले. एका घरी श्राद्धाचा स्वयंपाक होता, झोळीत वडा पडला. मच्छिंद्रनाथांना तो आवडला, आणखी एखादा मिळाला तर बरं, असं ते म्हणाले. गोरक्ष तसेच माघारी त्या घरी गेले. घरधनिणीला वाटलं, पोरगा स्वतःच्या जिभेसाठी गुरूचं नाव पुढे करतो आहे. ती चिडून बोलली की वडा पाहिजे तर त्याचं मोल म्हणून डोळा काढून दे. गोरक्षांनी तिथल्या तिथे डोळा काढून तिच्या हातावर ठेवला. बाई हादरली, रडू लागली, वडेही दिले आणि डोळाही परत दिला. पुढे गुरूंनी मंत्र म्हणून तो डोळा पूर्ववत केला.

या कथेत मला नेहमी एक गोष्ट नवल वाटते. जिभेचा विषय गुरूंचा आणि इंद्रिय गेलं ते शिष्याचं. गुरूंना वडा खावासा कसा वाटला, असा विचार शिष्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. डोळा आपला आहे, हेच तो विसरला होता. आपण आपल्या इंद्रियांचे मालक आहोत असं धरून बसतो, म्हणून त्यांच्यामागे फरपटत जातो. गुराखी मालक नसतो. गुरं दुसऱ्याची, राखण आपली. इंद्रियं गुरूंची आहेत आणि आपल्याकडे नुसती राखणीला दिलेली आहेत, एवढं मनात पक्कं बसलं की प्रत्याहाराची पहिली पायरी चढून झाली. गुरुदेवांनी पुढे या शिष्याला बदरिकाश्रमात तपाला बसवलं, ते ही पायरी पाहूनच.

बारा वर्षांनी तप पुरं झालं. गोरक्ष गुरूंना शोधत निघाले, तर गुरू कुठे? स्त्रीराज्यात. मारुतीरायाच्या सांगण्यावरून मच्छिंद्रनाथ तिथे गेले होते आणि मैनाकिनी राणीच्या संसारात रमले होते. मीननाथ नावाचा मुलगाही झाला होता. ही बातमी गोरक्षांना कानिफनाथांकडून कळली. त्याच भेटीत कानिफांना त्यांचे गुरू जालंदरनाथ कुठे आहेत ते गोरक्षांनी सांगितलं. दोन शिष्यांनी एकमेकांना आपापल्या गुरूंचा पत्ता दिला.

पुरुषाला त्या राज्यात शिरकाव नाही. तेव्हा गोरक्ष कलिंगा नावाच्या नर्तकीच्या ताफ्याबरोबर गेले आणि दरबारात मृदंग वाजवायला बसले. नाचगाण्याचा रंग भरला. कान गाण्यात, डोळे नाचात, नाकाशी फुलांचा वास, अशी सगळी गुरं मोकाट चरत होती. आणि अचानक मृदंगातून बोल निघू लागले. तालामागून ताल एकच सांगत होता की मच्छिंद्रा, चल, गोरख न्यायला आला आहे. दरबाराला तो नुसता ठेका वाटला. मच्छिंद्रनाथांच्या अंगावर मात्र काटा आला.

इथे थोडं थांबायला हवं. गोरक्षांनी दिवे विझवले नाहीत, नाच बंद पाडला नाही, गुरूंना दूषण दिलं नाही. ज्या कानानं मन बाहेर गेलं होतं, त्याच कानात त्यांनी हाक घातली आणि तिथूनच मन परत फिरवलं. इंद्रियांशी मारामारी करणारे पुष्कळ असतात. इंद्रियांनाच परतीची वाट करणारा विरळा. आपलं नामस्मरण तरी दुसरं काय आहे? बडबडीला सोकावलेली जीभ तीच, फक्त तिच्यावर गुरूंचं नाव ठेवलं. आरतीच्या वेळी भटकणारे डोळे तेच, फक्त समोर त्रिमूर्ती ठेवली. आपल्या पूर्वजांनी देवळातली घंटा, उदबत्ती, तीर्थ, प्रसाद हे सारं उगीच ठेवलेलं नाही. प्रत्येक इंद्रियाला घरची हाक ऐकू यावी, अशी ती सोय आहे.

स्त्रीराज्यातून निघाल्यावर वाटेत आणखी एक परीक्षा झाली. मच्छिंद्रनाथांच्या झोळीत सोन्याची वीट होती. आड रान आलं की पुढे चोरांचं भय आहे का, असं ते विचारत. गोरक्षांच्या ध्यानात आलं. त्यांनी गुपचूप ती वीट टाकून दिली आणि पुढे भय उरलं नाही, असं सांगितलं. वीट गेल्याचं कळल्यावर गुरूंना फार वाईट वाटलं. साधुसंतांना मोठी समाराधना घालावी, असा त्यांचा हेतू होता. तेव्हा गोरक्षांनी गर्भगिरीचा डोंगर सोन्याचा करून दाखवला आणि गुरूंच्या मनातली समाराधनाही तिथेच घडवून आणली. हेतू चांगला असला तरी सोनं मन बाहेर ओढतंच. हे आपल्यासारख्या प्रापंचिकांनी विशेष लक्षात ठेवावं. नातवाच्या नावानं ठेवलेली ठेव असली, तरी रात्री उशाशी तीच येऊन बसते.

अशा या नाथांनी आपल्या मुरबाड तालुक्यात तप केलं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. मुरबाडहून म्हसा आणि म्हशावरून देहरी. म्हसा म्हणजे पौषातल्या गुरांच्या यात्रेचं गाव. या गोरक्षाच्या वाटेवर गुरांचा एवढा मोठा बाजार भरावा, हाही एक योगच. देहरीच्या पाठीशी दोन सुळके उभे आहेत, एक गोरखगड आणि दुसरा मच्छिंद्रगड. रान चढून, खडकात खोदलेल्या पायऱ्या आणि दरवाजा ओलांडून वर गेलं की प्रशस्त गुहा लागते. जवळ पाण्याची टाकी, पुढ्यात चाफा, आणि समोर पाहावं तर मच्छिंद्रगड. माथ्यावर महादेव आहे. शिष्यानं डोळे उघडले तरी समोर गुरूच दिसावेत, अशी ती जागा आहे.

या गुहेत मी दोन वेळा रात्र काढली आहे. दिवस मावळताना खालचं मैदान आधी काळं पडतं, मग उजेड सह्याद्रीच्या भिंतीवर हळूहळू वर सरकतो आणि अखेर शेंड्यावरून निघून जातो. गोरक्षांच्या नावावर असलेल्या योगग्रंथात प्रत्याहाराला हाच दृष्टान्त आहे. सायंकाळी सूर्य जसा आपली प्रभा आवरून घेतो, तसे योग्यानं मनाचे विकार आवरावेत. दुसरा दृष्टान्त कासवाचा. कासव जसं आपले अवयव आत घेतं, तशी इंद्रियं आत घ्यावीत. आपल्या कितीतरी देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. दर्शनाच्या घाईत आपण त्याला ओलांडून जातो. गाभाऱ्यात जाण्याआधी काय करायचं, ते हे कासव मुकाट्यानं सांगत असतं.

पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली आणि त्यांत प्रत्याहार पाचवा. गोरक्षांच्या ग्रंथात अंगं सहाच. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. म्हणजे प्रत्याहार तिसरा. आधीची दोन अंगं शरीराची, पुढची तीन मनाची, आणि मधला हा उंबरठा. ग्रंथात त्याचं मापही दिलेलं आहे. बारा प्राणायामांचा एक प्रत्याहार, बारा प्रत्याहारांची एक धारणा, बारा धारणांचं एक ध्यान आणि बारा ध्यानांची समाधी. मी एकदा गुणाकार करून पाहिला. धारणेला १४४ प्राणायाम, ध्यानाला १,७२८ आणि समाधीला २०,७३६ होतात. आकडा पाहून छाती दडपते. पण पहिलं माप फक्त बाराचं आहे, तेवढं आपल्या आवाक्यातलं आहे.

आणि रीत कोणती? कानावर गोड पडो की कडू, नाकाला सुवास येवो की दुर्गंध, डोळ्यांना चांगलं दिसो की वाईट, तेही आत्मरूपच आहे असं जाणून मन मागे घ्यावं. स्पर्शाचं तसंच आणि चवीचंही तसंच. कान बंद करा असं तिथे म्हटलेलं नाही. गुहेतल्या त्या रात्री मी हे करून पाहिलं. वाघळांची फडफड, वाऱ्याचा घुमारा, खालच्या पाड्यातलं कुत्रं. प्रत्येक आवाजामागे मन धावतं, त्याला नाव देतं, त्यावरून घरची आठवण काढतं. हळूहळू त्याला सांगायचं की ऐकलंस ना, आता ये. फार नव्हे, पाचदहा श्वास असे गेले की आवाज होते आणि मी त्यांच्यामागे गेलो नव्हतो. त्या पाचदहा श्वासांची गोडी अजून जिभेवर आहे.

एक सावधगिरीही ग्रंथातच दिलेली आहे. सिंह, हत्ती, वाघ हळूहळू माणसाळवतात, तसाच प्राण हळूहळू वश करावा. घाई केली तर तो साधकाचाच घात करतो. ज्यांना रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी श्वास कोंडण्याच्या भानगडीत पडू नये. संथ श्वास आणि त्याच्या जोडीला नाम, एवढं पुरे.

आता आपल्या वयाच्या मंडळींसाठी थोडं. आपल्यापैकी अनेकांना वाटतं, म्हातारपण म्हणजे आपोआप घडलेला प्रत्याहार. डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, दातांनी चावत नाही. इंद्रियं आपणच आत आली की! पण तसं नसतं. माझा उजवा कान चार वर्षांपूर्वी गेला. घरात शांतता झाली, मनात मात्र झाली नाही. सुना-मुलं पलीकडे बोलू लागली की माझ्याबद्दलच बोलतात असं मनाला वाटतं. कान ऐकत नाही ते मन रचून ऐकतं. इंद्रियं थकतात, ओढ थकत नाही. गाय लंगडी झाली म्हणून ती घरी आली असं होत नाही. ती रानातच बसून राहते. तिला हाक मारावी लागते, जवळ जाऊन उठवावं लागतं. म्हणून हे काम हातपाय धड आहेत तोवर सुरू करावं. ज्यांचे नाहीत त्यांनी आज सुरू करावं. खाटेवर पडल्या पडल्याही ते होतं.

आमच्या शहापूर तालुक्यात तानसा, भातसा, वैतरणेची धरणं आहेत. उशाशी एवढं पाणी, ते मोठमोठ्या नळांतून मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात आमच्याच कित्येक पाड्यांवर बायका हंडे घेऊन मैल मैल चालतात. जिवाचंही असंच आहे. गोरक्षांच्या ग्रंथात सांगितलं आहे की टाळूच्या वर चंद्राचं अमृत झरत असतं आणि नाभीतला सूर्य ते शोषून घेतो. ते अमृत राखून ठेवणं हाही प्रत्याहारच. पाच वाटांनी दिवसभर सगळं बाहेर जातं आणि संध्याकाळी आपण कोरडे. थोडंसं तरी आपल्या घरच्या हंड्यात पडायला नको का?

आत वळलेला माणूस दगड होतो, त्याला घरादाराचं सोयरसुतक राहत नाही, अशी शंका घरच्यांना येते. तिचं उत्तर नेपाळातल्या कथेत आहे. गोरक्षनाथ तिथे नवनागांना आसनाखाली दाबून ध्यानस्थ बसले. नाग अडकले, मेघ अडकले आणि बारा वर्षं पाऊस पडला नाही. राजानं दूरदेशाहून मच्छिंद्रनाथांना आणवलं. गुरू आलेले कळताच गोरक्ष आसनावरून उठले, नाग सुटले आणि धो धो पाऊस झाला. पाटण शहरात मच्छिंद्रनाथांची रथयात्रा आजही निघते. बारा वर्षं जगाला न हललेला योगी गुरूंच्या चाहुलीनं उभा राहिला, आणि त्याच्या उठण्यानं भुकेल्या लोकांच्या शेतात पाणी आलं. आत जाणं खरं असेल तर त्यातून बाहेरच्यांना पाऊसच मिळतो. सासूनं किंवा सासऱ्यानं दोन घटका मन आत वळवलं, तर त्या घरातल्या सुनेला पहिला गारवा लागतो.

शहापूरच्याच डेहणे गावामागे आजोबाचा डोंगर आहे. वाल्मीकींचा आश्रम तिथे होता, लवकुशांचे ते आजोबा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्याच्या अंगावर वारूळ चढलं तरी ज्याला कळलं नाही, त्याच ऋषीनं एकटी पडलेली सीता घरात घेतली आणि तिची मुलं वाढवली. एका तालुक्यात आजोबा आणि दुसऱ्यात गोरखगड. दोन्ही डोंगर आपल्याला एकच गोष्ट शिकवतात.

गोरक्षांची परंपरा पुढे कुठे गेली, हे आपण जाणताच. चिखलाच्या बाहुल्यातून प्रकटलेले गहिनीनाथ त्यांचे शिष्य. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला, निवृत्तींनी ज्ञानदेवांना. शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि गुहेतला योग मराठी माणसाच्या ओसरीवर आला. शेवटच्या अध्यायात माउलींनी ही परंपरा आदराने सांगितली आहे. गिरनारला गेलेले भाविक सांगतील, दत्तप्रभूंच्या पादुकांच्या शिखराला जाताना वाटेत आधी गोरक्षनाथांचं शिखर लागतं, आणि तेच साऱ्या गिरनारात उंच आहे. ते ओलांडल्याशिवाय दत्तशिखर येत नाही. इंद्रियं वळवल्याशिवाय दत्तदर्शन नाही, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून घेतला आहे.

तेव्हा दत्तभक्तहो, या मार्गशीर्षात एवढं करून पाहा. दिवेलागणीला देवाजवळ दिवा लावला की तिथेच बसा. खाली बसवत नसेल तर खुर्ची घ्या. टीव्ही तासभर नंतर लागला तरी काही बिघडत नाही. बारा संथ श्वास मोजा, प्रत्येक श्वासाला गुरुदेव दत्त म्हणा. रस्त्यावरची गाडी ऐकू येईल, फोडणीचा वास येईल, गुडघा ठणकेल. येऊ द्या. प्रत्येकाला म्हणा, आलास, हेही गुरूंचंच, चल आता घरी. एखादं गुरू चुकेल, पुन्हा पळेल. गुराख्यानं रागवायचं नसतं, पुन्हा हाक मारायची असते. फारच उनाड मन असेल तर जपमाळेचं लोढणं आहेच.

गुरं घरी आली की दावणीला बांधून गुराखी हातपाय धुतो आणि स्वस्थ बसतो. तशी स्वस्थता श्रीगोरक्षनाथांच्या कृपेनं आपणा सर्वांना या जन्मीच लाभो, हीच श्रीदत्तचरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥